खुणांची भाषा शिकताना

आपल्या वस्तीत किंवा नात्यागोत्यात एखादी तरी कर्णबधिर व्यक्ती असते. २०११ च्या जनगणनेत देशात अशा सुमारे ५० लाख व्यक्तींची नोंद झाली. आपण त्यांना हाताने बोलावतो, जेवण झाले का म्हणून बोटे तोंडाकडे नेतो आणि तेथेच संभाषण संपते. आमच्या प्रत्येक कार्यक्रमात सतरंज्या अंथरणारा एक तरुण आम्ही वर्षानुवर्षे पाहत होतो. त्याचे मत मात्र आम्ही कधी विचारले नाही, कारण विचारण्याची भाषाच आम्हाला येत नव्हती. ती शिकताना जे उमगले, ते नवशिक्यांसाठी येथे देत आहोत.

पहिली गोष्ट ही की, भारतीय सांकेतिक भाषा म्हणजे मराठीचे हातवारे नव्हेत. तिला स्वतःचे व्याकरण आहे. 'तू कुठे राहतोस?' हे तिच्यात 'तू – राहणे – कुठे' असे होते. प्रश्नशब्द व नकार शेवटी येतात. 'आहे'साठी वेगळी खूण लागत नाही. म्हणून तोंडाने मराठी वाक्य बोलत शब्दागणिक खुणा करू नयेत.

दुसरी गोष्ट चेहऱ्याची. 'जेवण झाले' आणि 'जेवण झाले का?' यांत हात तेच राहतात. भुवया उंचावल्या की प्रश्न होतो. आम्ही सुरुवातीला केवळ हातांकडे पाहत असू, त्यामुळे निम्मा अर्थ निसटत असे. पाहताना नजर समोरच्याच्या चेहऱ्यावर ठेवावी. स्वतः आरशासमोर सराव करावा.

तिसरी गोष्ट साधनांची. इंटरनेटवर मिळणारे अनेक तक्ते अमेरिकन मुळाक्षरांचे असतात. ती एका हाताची आहेत. आपल्याकडे इंग्रजी अक्षरे दोन्ही हातांनी दाखवतात. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने २०२१ साली १० हजार शब्दांचा शब्दकोश प्रसिद्ध केला. त्याच्या चित्रफिती यूट्यूबवर विनामूल्य पाहता येतात. रोज पाच खुणा घ्याव्यात. घर, पाणी, शाळा, आजार, पैसा अशा नित्याच्या शब्दांपासून सुरुवात करावी. मुळाक्षरे विशेषनामांपुरती पुरे. त्यांवरच अडून राहू नये.

मात्र चित्रफीत आपली चूक दाखवीत नाही. शिवाय काही खुणा गावोगाव बदलतात. म्हणून आठवड्यातून एकदा तरी कर्णबधिर व्यक्तीसोबत बसावे. तिचे लक्ष वेधण्यासाठी खांद्याला हलका स्पर्श करावा किंवा हात हलवावा. खिडकीकडे पाठ करून बसू नये, चेहरा अंधारात जातो. समजले नाही तर मान डोलावू नये, पुन्हा विचारावे.

आम्ही शेवटी त्या तरुणालाच शिक्षक केले. त्याने आम्हा प्रत्येकाला खुणेचे नाव दिले. कुणाला मिशीवरून, कुणाला चष्म्यावरून. पुढे त्याने आम्हाला विचारले, "सभेत लोक हसतात तेव्हा काय झालेले असते?" इतकी वर्षे तो आमच्यात बसून एकटा होता.

विद्यार्थी मित्रांनो, ही भाषा शिकणे म्हणजे उपकार नव्हे. आपल्याच माणसाशी आजवर न झालेले बोलणे आहे. आज पाच खुणा शिका आणि उद्या त्या घेऊन त्याच्याकडे जा.