सर्व्हर ‘आपोआप’ बंद पडतो?

जुन्या जालन्यातल्या औषधांच्या किंवा बी-बियाण्यांच्या दुकानात बिलिंग अडलं की निदान आधीच ठरलेलं असतं: ‘सर्व्हर आपोआप बंद पडतो.’ बिलिंग मायएसक्यूएलवर चालत असेल, तर त्या ‘आपोआप’मागे काय काय निघतं ते पाहू.

गैरसमज: सकाळी पहिल्याच बिलाला ‘सर्व्हर हॅज गॉन अवे’ आलं, म्हणजे सर्व्हर रात्री कोसळला.

वस्तुस्थिती: तो बऱ्याचदा ठणठणीत असतो. २८,८०० सेकंद, म्हणजे ८ तास, काहीच हालचाल नसलेलं कनेक्शन मायएसक्यूएल स्वतःहून तोडतं; ही त्याची मूळ सेटिंग. रात्री ९ला शटर ओढलं, काउंटरवरचं बिलिंग उघडंच ठेवलं, सकाळी १०ला पहिलं गिऱ्हाईक आलं. मध्ये १३ तास गेले. प्रोग्राम बंद करून उघडला की नवं कनेक्शन मिळतं आणि ‘रीस्टार्ट मारला की बरा होतो’ ही समजूत पक्की होते. सर्व्हरचा अपटाइम तपासावा. तो कित्येक दिवसांचा निघाला, तर दोष तुटलेलं कनेक्शन पुन्हा न जोडणाऱ्या बिलिंग प्रोग्रामचा.

गैरसमज: लॉगमध्ये काहीच नाही, म्हणजे कारणच नाही.

वस्तुस्थिती: लॉग चुकीचा उघडला. सर्व्हर लिनक्सवर असेल, तर मेमरी संपली की लिनक्स सर्वांत जास्त मेमरी खाणाऱ्या प्रोग्रामचा बळी घेतं, आणि तो सहसा डेटाबेसच असतो. हा वार इतका अचानक होतो की मायएसक्यूएलला आपल्या लॉगमध्ये एक ओळही लिहिता येत नाही. पुराव्याची नोंद राहते ती लिनक्स कर्नलच्या लॉगमध्ये. तिथे ‘आउट ऑफ मेमरी’ शोधायचं. जीएसटीआर-१ची ११ तारीख जवळ आली, मोठे रिपोर्ट निघू लागले की हे घडण्याची शक्यता वाढते. बफर पूलला, म्हणजे मायएसक्यूएल डेटा मेमरीत ठेवतं त्या जागेला, ८० टक्क्यांपर्यंत मेमरी द्यावी हा सल्ला फक्त डेटाबेससाठीच राखलेल्या मशीनचा. त्याच मशीनवर ब्राउझर आणि बिलिंगही चालत असेल तर तो घातक.

गैरसमज: लाइट गेली की डेटा बिघडणारच.

वस्तुस्थिती: मायआयसॅम तक्त्यांच्या काळात ही भीती खरी होती. २०१०च्या ५.५ आवृत्तीपासून इनोडीबी हा मूळ प्रकार झाला. तो प्रत्येक बदल आधी आपल्या रीडू लॉगमध्ये लिहितो आणि पुन्हा सुरू होताना स्वतःला सावरतो. लिहिलं नसताना ‘लिहिलं’ सांगणारी स्वस्त डिस्क मात्र त्यालाही फसवते. तेव्हा यूपीएस हवाच.

गैरसमज: सर्व्हर सुरूच होत नसेल तर रीडू लॉगच्या फाइल उडवा, इनोडीबीची फोर्स रिकव्हरी थेट ६ वर न्या.

वस्तुस्थिती: हा सल्ला फोनवर मिनिटात मिळतो आणि वर्षभराचा हिशेब घेऊन जातो. ४ आणि त्यापुढची पातळी डेटा कायमचा बिघडवू शकते. आधी सर्व्हिस थांबवून संपूर्ण डेटा फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उतरवावा, मग १पासून एकेक पातळी चढावी. सुरू झाला की ताबडतोब डम्प काढून नव्या सर्व्हरवर भरावा. त्या अवस्थेत एकही बिल फाडू नये.