डाव्या हाताचं दुःख : शोपाँचं चौथं प्रेल्यूड

फ्रेडरिक शोपाँचं ई मायनरमधलं प्रेल्यूड अवघ्या पंचवीस बारांचं (म्हणजे मात्रांच्या समान कप्प्यांचं) आहे. छापलं तर एक पान, वाजवलं तर सुमारे दोन मिनिटं. बोटांना त्यात फारशी कसरत नाही, म्हणून ते शिकाऊ मुलांच्याही हाती येतं. मुरलेले वादक मात्र ते आयुष्यभर उलगडत बसतात. इतक्या थोड्या स्वरांत इतका शोक येतो कुठून?

नेहमीचं उत्तर चरित्रातून दिलं जातं. १८३८च्या हिवाळ्यात शोपाँ लेखिका जॉर्ज साँ आणि तिच्या दोन मुलांबरोबर मायोर्का बेटावर गेला. वाल्देमोसाच्या जुन्या मठात बिऱ्हाड, बाहेर पाऊस, छातीत खोकला. पॅरिसहून मागवलेला प्लेयेल पियानो जानेवारीपर्यंत हाती आला नाही, तोवर तिथल्याच एका सामान्य पियानोवर भागवावं लागलं. २२ जानेवारी १८३९ रोजी त्यानं प्रेल्यूड्सचं हस्तलिखित मित्र युलियान फोंतानाकडे पाठवलं. त्याच वर्षी ती ओपस २८ म्हणून छापून आली. हे सगळं खरं आहे. पण आजारी माणसानं ओल्या मठात लिहिलं म्हणून संगीत दुःखी झालं, हे मला पटत नाही. याच संग्रहात उजळ, खेळकर प्रेल्यूड्सही आहेत.

मायोर्काच्या सामानात बाखचं ‘वेल-टेम्पर्ड क्लाव्हियर’ही होतं. बाखप्रमाणे शोपाँनंही चोवीस मेजर-मायनर स्केल्सना एकेक रचना दिली, फक्त क्रम पंचमाच्या अंतरानं लावला आणि प्रत्येक मेजरमागे तिची जोडीदार मायनर ठेवली. म्हणून ई मायनर चौथी. तोवर प्रेल्यूड म्हणजे पुढे येणाऱ्या रचनेची प्रस्तावना असायची. शोपाँनं पुढचं काही ठेवलंच नाही. रोमँटिक काळातल्या छोट्या पियानोरचनेचं हे मोठं धाडस होतं: एकच भाव घ्यायचा, तो विस्तारायचा नाही, आणि तो संपला की थांबायचं.

आता प्रत्यक्ष स्वर. ई हा षड्ज धरला, तर उजव्या हाताची धून आपल्या कानाला लगेच ओळखीची वाटेल. ती पंचमावर थांबते, कोमल धैवताला स्पर्श करते, पुन्हा पंचमावर येते. तीन बार जवळजवळ एवढंच. मग पंचम ढळतो, तीव्र मध्यमावरून शुद्ध मध्यमावर उतरतो आणि तिथंही तसाच रेंगाळतो. गाण्यासारखी लांब तान इथं नाहीच.

सगळं घडतं ते डाव्या हातात. तीन-तीन स्वरांचे कॉर्ड संथ, सारख्या ठोक्यांनी वाजत राहतात, आणि त्यांतला एखादा स्वर अर्ध्या सुरानं खाली येतो. मग दुसरा, मग तिसरा. बहुतेक वेळा एका वेळी एकच. त्यामुळे वर तोच पंचम असला तरी त्याचा अर्थ बदलतो: आत्ता घरचा वाटलेला स्वर पुढच्या ठोक्याला परका होतो. आपल्याकडे तानपुरा स्थिर असतो आणि गायक त्याच्याभोवती फिरतो. इथं गाणारा जागच्या जागी आहे आणि तानपुराच खाली सरकतोय, असं समजा. या रचनेचं दुःख मला तिथं दिसतं.

बाराव्या बारापर्यंत धून ऋषभाशी येऊन अडकते. तेराव्या बारात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. या खेपेस मध्येच लय घाईला येते, आवाज चढतो, डावा हात खोल खर्जात उडी घेतो, आणि दोन बारांत सगळं ओसरतं. अखेर एकविसाव्या बारात उजवा हात षड्जावर पोचतो, पण खाली डाव्या हातानं भलताच कॉर्ड धरलेला असतो. पुढे एक ताणलेला कॉर्ड, त्यानंतर लांबवलेली शांतता, आणि मग अगदी हळू तीन कॉर्ड. ई मायनरचा कॉर्ड षड्ज तळाशी घेऊन स्थिरावतो तो त्यांतल्या शेवटच्याच ठिकाणी.

वादकांची चूक बहुधा डाव्या हाताबाबतच होते. दुःख दाखवायचं म्हणून ते डावा हातही भावनेनं ओढतात. शोपाँ शिष्यांना उलट सांगायचा, असं त्यांनीच लिहून ठेवलंय: डाव्या हातानं लय सांभाळायची, उजव्यानं तिच्यावर मोकळं गायचं. शिवाय पियानोचा स्वर वाजवताक्षणीच विरू लागतो. फार संथ वाजवलं की पंचम मरून जातो आणि नुसते ठोके उरतात. लार्गो (अतिसंथ) लिहूनही शोपाँनं बारात दोनच मोठे ठोके मोजायला लावले आहेत, हे विसरू नये.

३० ऑक्टोबर १८४९ रोजी पॅरिसच्या मादलेन चर्चमध्ये त्याच्या अंत्यविधीला हे प्रेल्यूड ऑर्गनवर वाजवलं गेलं. शंभरेक वर्षांनी ब्राझीलच्या आंतोनियो कार्लोस जोबिमनं याच घसरत्या कॉर्डांचा आधार आपल्या ‘इन्सेन्सातेझ’ या गाण्याला दिला. धून बदलली, तरी डाव्या हाताचा उतार ओळखू येतो.

आल्फ्रेद कोर्तो आणि मार्था आर्गेरिच यांची ध्वनिमुद्रणं मिळवा आणि एकामागून एक ऐका. पहिल्या खेपेला धुनेकडे लक्षच देऊ नका, फक्त खालचे कॉर्ड ऐका.