चुकलेल्या उत्तरांचे शास्त्र

एडिथचे केस सुझानच्या केसांहून फिकट, पण लिलीच्या केसांहून गडद आहेत. तर सर्वांत गडद केस कोणाचे? सोडवा पाहू!

१९१९ साली स्वित्झर्लंडहून मानसशास्त्र शिकायला पॅरिसला गेलेल्या ज्याँ पियाजे यांना काम मिळाले, ते अशा इंग्रजी कसोट्या फ्रेंच मुलांसाठी प्रमाणित करण्याचे. बरोबर उत्तरे मोजली की काम संपले! पण गोगलगायींचा अभ्यास केलेले हे तरुण प्राणिशास्त्रज्ञ चुकलेल्या मुलांशी बोलत बसले. तेव्हा दिसले, की एका वयाची मुले बहुधा एकाच रीतीने चुकतात. म्हणजे लहानांची बुद्धी थोडी नसते, तिची घडण निराळी असते. यातूनच त्यांचे पुढील संशोधन उभे राहिले.

उत्तर : सुझानचे. तुमचे चुकले? खोडू नका, कसे चुकले, ते आधी शोधा.