बांगडा, कुपा माशांतील हिस्टामाइन : वास येण्याआधीच होणारे नुकसान

बांगड्याचे डोळे स्वच्छ आहेत, कल्ले लाल आहेत, वासही ठीक आहे. तरीही तो खाल्ल्यावर अर्ध्या-एक तासात चेहरा आणि मान लाल होते, डोके ठणकते, अंगावर पित्त उठल्यासारखे चट्टे येतात. काहींना पहिल्या घासालाच जिभेवर तिखट चुणचुण जाणवते. बहुतेक जण ‘मला मासे बाधतात’ म्हणून विषय सोडून देतात. प्रत्यक्षात अनेकदा ही माशाची ॲलर्जी नसते, तर माशात साठलेल्या हिस्टामाइनची विषबाधा असते. लक्षणे सहसा एका दिवसात ओसरतात; मात्र श्वास लागला किंवा छातीत धडधड वाढली, तर लगेच डॉक्टरांकडे जावे.

हिस्टामाइन कसे तयार होते?

बांगडा, कुपा, सुरमई, तारली या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचे अमिनो आम्ल भरपूर असते. पापलेटसारख्या पांढऱ्या मांसाच्या माशांत ते कमी असते, म्हणून तिथे ही अडचण सहसा येत नाही. माशाच्या कल्ल्यांत आणि आतड्यांत काही जिवाणू मुळातच असतात; त्यातला मॉर्गानेला मॉर्गानी हा सर्वांत कुप्रसिद्ध. मासा जिवंत असेपर्यंत ते आवरात राहतात. मासा मेला आणि उन्हात पडून राहिला, की ते मांसात शिरतात आणि आपल्या एका विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीने हिस्टिडीनचे हिस्टामाइन करतात.

इथे सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की एकदा तयार झालेले हिस्टामाइन जात नाही. तळून, कालवण उकळून, डबाबंद करून किंवा गोठवूनही नाही. शिजवल्याने जिवाणू मरतात, विकर निकामी होतो, पण हिस्टामाइन तसेच राहते. कुजका वास आणणारी प्रक्रिया वेगळी असते. त्यामुळे ‘वास नाही म्हणजे माल चांगला’ हा बाजारातला हिशेब या माशांना लागू पडत नाही.

विकराचे आणखी एक वैशिष्ट्य लक्षात ठेवा. बर्फात जिवाणूंची वाढ थांबली, तरी आधीच तयार झालेला विकर थंडीतही हळूहळू काम करत राहतो. गोठवल्यावर तो टिकून राहतो आणि मासा वितळला की पुन्हा सुरू होतो. उशिरा टाकलेला बर्फ म्हणूनच पुरेसा ठरत नाही.

प्रयोगशाळेत काय तपासतात?

सागरी जैवतंत्रज्ञानाचा उपयोग इथे दोन प्रकारे होतो. पहिला, पीसीआर चाचणी. जिवाणूत हा विकर बनवणारे जनुक आहे का, हे तिच्यात कळते. मासा, क्रेट किंवा मासे धुण्याचे पाणी यांपैकी कुठून हे जिवाणू येतात, ते शोधायला ती उपयोगी पडते. पण जनुक सापडले म्हणजे हिस्टामाइन झालेच, असे नव्हे. म्हणून दुसरी चाचणी थेट हिस्टामाइनची. त्यासाठी प्रतिपिंडांवर आधारलेले एलायझा किट किंवा हिस्टामाइनवर क्रिया करणारा विकर वापरलेले रंगबदलाचे किट वापरतात. वादाच्या मालासाठी शेवटी एचपीएलसी यंत्रावरचाच आकडा धरला जातो.

युरोपीय महासंघाच्या नियमानुसार अशा माशांच्या एका खेपेतून 9 नमुने घेतात. त्यांची सरासरी किलोला 100 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. फक्त 2 नमुने 100 ते 200 च्या दरम्यान चालतात. 200 च्या वर एकही गेला तर खेप बाद. एवढे नमुने कशाला? कारण एकाच टोपलीतल्या दोन बांगड्यांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. ढिगाच्या वरचा मासा बर्फाला लागलेला असतो, मधला गरमच राहिलेला असतो.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. 2018 मध्ये गोव्यात फॉर्मेलिनवरून गदारोळ झाला, तेव्हा कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेच्या कागदी पट्ट्यांच्या किटची बरीच चर्चा झाली. त्या पट्ट्या फॉर्मेलिन आणि अमोनिया ओळखतात, हिस्टामाइन नाही. या संस्थेचे एक संशोधन केंद्र नवी मुंबईत वाशीला आहे. निर्यातीचा विचार असेल तर तपासणीबाबत तिथे विचारणा करावी.

बोटीवर काय करावे?

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या मार्गदर्शक सूचनेनुसार हवा किंवा पाणी 28.3 अंश सेल्सिअसपेक्षा गरम असेल, तर मासा मेल्यापासून 6 तासांच्या आत तो 4.4 अंश किंवा त्याहून थंड बर्फात अथवा थंड पाण्यात गेला पाहिजे. आपल्याकडे ऑक्टोबरमध्ये आणि एप्रिल-मेमध्ये हाच हिशेब धरा. घड्याळ मासा मेल्यापासून सुरू होते, जाळे ओढल्यापासून नाही. रात्री टाकलेल्या जाळ्यात अडकून मेलेल्या बांगड्याचे कित्येक तास पाण्यातच संपलेले असतात. तांडेलाने जाळे किती वेळ ठेवायचे, हे ठरवताना याचा विचार करावा.

बर्फाचा चुरा आणि मासे समप्रमाणात, थरावर थर द्यावेत. नुसता वरून बर्फ पसरू नये. मोठ्या कुप्याचा गाभा थंड व्हायला बराच वेळ लागतो, म्हणून बर्फ आणि समुद्राचे पाणी मिसळून त्यात तो बुडवणे अधिक चांगले. आतडी आणि कल्ले काढल्याने धोका कमी होतो. पण घाईत आतडे फाटले तर तेच जिवाणू मांसाला लागतात. चांगले पाणी आणि धारदार सुरी नसेल, तर मासा अख्खाच बर्फात ठेवलेला बरा.

खारवलेल्या किंवा सुक्या बांगड्याचा धंदा करणाऱ्या महिला गटांनी लिलावातून उरलेला, दुपारपर्यंत उघड्यावर पडलेला माल स्वस्त मिळतो म्हणून उचलू नये. मीठ लावण्याआधीच त्यात हिस्टामाइन तयार झालेले असू शकते आणि मीठ ते कमी करत नाही. गोठवलेला बांगडा आणला असेल, तर तो फ्रिजमध्ये किंवा बर्फातच वितळवा आणि वितळल्याबरोबर खारवायला घ्या.