एकाच पिकाचे शिवार का खचते?

गंगाखेड परिसरात गोदाकाठची जमीन काळी, ओल धरणारी. तिच्यात पूर्वी ज्वारी, तूर, मूग, उडीद अशी मिश्र पिके असत. आता खरिपात सोयाबीन आणि कापसावरच भर आहे. बदलत्या हवामानात शिवार टिकेल का, हे केवळ पावसावर ठरत नाही; तिथे कोणते जीव एकमेकांसोबत जगतात, यावरही ठरते. २००२ मध्ये देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि काही वर्षे बोंडअळ्या आटोक्यात राहिल्या. पण गुलाबी बोंडअळी प्रामुख्याने कापसावरच जगते. सलग कापूस, हंगामानंतर ठेवलेली फरदड आणि बिगर-बीटी ओळींचा अभाव यांमुळे बीटीला दाद न देणाऱ्या अळ्याच वाढत गेल्या. २०१७ मध्ये राज्यातील कापूस पट्ट्याला त्याचा जबर फटका बसला.

आक्षेप असा, की विविधतेने घर चालत नाही, पैसा नगदी पीकच देते. चांगल्या वर्षापुरते ते खरे आहे. मात्र अमेरिकेतील मिनेसोटात डेव्हिड टिलमन यांनी अभ्यासलेल्या गवताळ वाफ्यांपैकी जास्त जातींचे वाफे १९८८ च्या दुष्काळात कमी खचले. मुळांची खोली आणि सहनशक्ती वेगवेगळी असल्याने एक जात मागे पडली, तरी दुसरी वाढत राहते. गवत म्हणजे पीक नव्हे, हे मान्य. पण सोयाबीन निघाल्यावर तूर खोल मुळांनी खालची ओल घेत उभी राहते, ती याच तत्त्वाने. म्हणून नगदी पीक सोडायला नको. सोयाबीनच्या चार ओळींमागे तुरीच्या दोन ओळी हव्यात, आणि फरदड वेळेवर मोडायला हवी.