मोटारीच्या इंजिनाचा श्वास

तुमच्या मामाने किंवा शेजारच्या दादाने एक जुनी मारुती ८०० विकत घेतली आहे, असे समजू या. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या या गाडीचे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये बंद झाले. पण जुन्या गाड्या अजूनही दृष्टीस पडतात. मामाची गाडी चालते बरी, मात्र घाटात दमते. मामाजवळ दहा हजार रुपये आहेत आणि गाडीची ताकद वाढवावी अशी त्याची फार इच्छा आहे. गॅरेजमध्ये त्याला सल्ले मिळतात: एअर फिल्टर काढून उघड्या जाळीचा बसव, सायलेन्सर मोकळा कर, इंजिनाचे हेड घासून घे. यांपैकी कशावर पैसे घालवावेत? शाळेत शिकलेले पदार्थविज्ञान हाताशी असेल, तर या प्रश्नाचे उत्तर आपल्याला बरेचसे कागदावरच काढता येते.

पेट्रोल इंजिन म्हणजे मुख्यतः हवा ओढणारा पंप, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्या. पेट्रोल कितीही ओतता येईल, पण त्याच्या ज्वलनासाठी वजनाने त्याच्या सुमारे पंधरा पट हवा लागते, आणि ती मिळवणे हेच अवघड काम आहे. मारुती ८०० च्या इंजिनात तीन सिलिंडर असतात. प्रत्येकाचा व्यास ६८.५ मिलिमीटर, आणि त्यातील दट्ट्या ७२ मिलिमीटर वरखाली सरकतो. वर्तुळाचे क्षेत्रफळ काढून उंचीने आणि तीनने गुणा. उत्तर ७९६ घन सेंटिमीटर येईल. गाडीच्या कागदपत्रांत लिहिलेला आकडा हाच.

हे इंजिन चार टप्प्यांचे आहे, म्हणजे दर दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदाच हवा आत घेतो. मिनिटाला ५००० फेरे होत असतील, तर इंजिन मिनिटाला २५०० वेळा ७९६ घन सेंटिमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ३३ लिटर हवा ओढील. सेकंदाला दोन मोठ्या बादल्या! प्रत्यक्षात सिलिंडर पूर्ण भरत नाही. तो ८० टक्के भरतो असे धरले, तर सेकंदाला सुमारे ३२ ग्रॅम हवा आत जाते आणि तिच्याबरोबर दोन ग्रॅमांहून थोडे अधिक पेट्रोल जळते. एक ग्रॅम पेट्रोलपासून सुमारे ४४ किलोज्यूल उष्णता मिळते. म्हणजे दर सेकंदाला ९५ किलोज्यूल उष्णता निर्माण झाली. या गाडीच्या नंतरच्या, इंधन-अंतःक्षेपण असलेल्या इंजिनाची कमाल शक्ती ३७ अश्वशक्ती, अर्थात २७.६ किलोवॅट दिलेली आहे. तेव्हा उष्णतेपैकी तीन दशांशाहून थोडा कमी भागच कामी येतो. बाकीची रेडिएटरमधून आणि धुराबरोबर निघून जाते.

आता अश्वशक्ती म्हणजे काय, याकडे जरा बारकाईने पाहू. इंजिनाच्या दांड्याला मिळणाऱ्या पिळाला टॉर्क म्हणतात. हा टॉर्क आणि दांड्याचा कोनीय वेग यांचा गुणाकार म्हणजे शक्ती. मारुती ८०० चा सर्वांत जास्त टॉर्क ५९ न्यूटन-मीटर, तोही मिनिटाला २५०० फेऱ्यांना. ५००० फेऱ्यांना तो किती उरतो? २७,६०० वॅटला सेकंदाच्या ५२४ रेडियनने भागा. उत्तर येते सुमारे ५३. म्हणजे फेरे दुप्पट झाले तेव्हा टॉर्क मात्र ५९ वरून ५३ वर घसरला. याचे मोठे कारण असे की, झडपा उघड्या राहण्याचा वेळ निम्मा झाला आणि सिलिंडरला पुरता श्वास घेण्यास सवड मिळेना. शिवाय घर्षणही वाढले.

याच्याशी तुलना करण्याजोगे एक उदाहरण आपल्या देशातच आहे. २००० साली आलेल्या मारुती आल्टोचे इंजिनही ७९६ घन सेंटिमीटरचेच होते. पण मारुती ८०० च्या प्रत्येक सिलिंडरला दोन झडपा, तर आल्टोच्या सिलिंडरला चार. तिची शक्ती होती ४६ अश्वशक्ती, ६२०० फेऱ्यांना. वरचाच भागाकार पुन्हा करा. टॉर्क पुन्हा सुमारे ५३ न्यूटन-मीटरच येतो! तेव्हा नव्या इंजिनाचा पीळ मोठा नाही. तोच पीळ त्याला अधिक फेऱ्यांपर्यंत टिकवता आला, आणि नऊ अश्वशक्ती वाढल्या त्या यामुळे.

चार झडपांनी एवढे का साधते, ते वर्तुळांच्या भूमितीत आहे. झडप किंचित उचलली जाते तेव्हा हवा तिच्या कडेच्या फटीतून शिरते, म्हणून महत्त्व असते परिघाला. समजा, ३४ मिलिमीटर व्यासाची एक झडप काढून त्या जागी २६ मिलिमीटरच्या दोन बसवल्या. परिघ १०७ मिलिमीटरवरून १६३ वर जातो, म्हणजे दीडपट. शिवाय लहान झडप हलकी असल्यामुळे तिची स्प्रिंग तिला वेळेवर मिटवू शकते. पण हा बदल कारखान्यात होतो. गल्लीतल्या गॅरेजमध्ये दहा हजारांत होणारा तो नव्हे.

मामाला मिळालेले सल्ले आता या कसोटीवर घासून पाहू. फिल्टरचे उत्तर सोपे आहे. वातावरणाचा दाब १०० किलोपास्कल धरा. स्वच्छ कागदी फिल्टरमधून जाताना त्यातला एखादा किलोपास्कल खर्च होतो असे समजले, तर फिल्टर अजिबात काढून टाकला तरी फायदा एक टक्क्याचा. उलट मूळ फिल्टरची नळी गार हवा ओढते, आणि उघड्या जाळीचा फिल्टर इंजिनाच्या कोंडवाड्यातली तापलेली हवा घेतो. ३० अंश सेल्सियसची हवा ६० अंशांवर गेली, म्हणजे ३०३ केल्व्हिनचे ३३३ झाले, तर वायूच्या नियमानुसार तिची घनता ९ टक्क्यांनी घटते. एक मिळवायला जाऊन नऊ गमवायचे! आणि आपल्या रस्त्यांवरच्या धुळीत वाळूचे कण असतात. ते सिलिंडरच्या भिंतीवर पॉलिश-कागदासारखे काम करतात, ते वेगळेच. फिल्टर मळून कोंदला असेल तर मात्र नवा घालावा. त्याची किंमतही फार नसते.

सायलेन्सरचा प्रश्न अधिक मजेदार आहे, कारण तेथे ध्वनिशास्त्र उपयोगी पडते. धुराची झडप उघडते त्या क्षणी दाबाचा एक हिसका नळीतून निघतो. नळीच्या मोकळ्या टोकाशी पोचल्यावर तो परावर्तित होतो, पण उलटा होऊन. संपीडन गेले आणि विरलन परत आले. उघड्या टोकाच्या नळीतील ध्वनीच्या प्रयोगात तुम्ही हेच शिकता. हे विरलन झडप मिटण्याच्या सुमारास सिलिंडरपाशी पोचले, तर उरलासुरला धूर बाहेर खेचला जातो आणि ताज्या हवेला जागा होते. आता हिशेब करा. तापलेल्या धुरात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ५०० मीटर असतो. ५००० फेऱ्यांना एक फेरा १२ मिलिसेकंदांत होतो. विरलन तिसरा हिस्सा फेरा झाल्यावर, म्हणजे ४ मिलिसेकंदांनी परत यावे अशी इच्छा असेल, तर त्याने जाऊन-येऊन २ मीटर अंतर तोडले पाहिजे. अर्थात नळी १ मीटर लांबीची हवी. परंतु २५०० फेऱ्यांना हीच ४ मिलिसेकंदे म्हणजे फेऱ्याचा सहावाच हिस्सा. विरलन फार लवकर येऊन जाते आणि उपयोग होत नाही. नळी एका वेगाला जुळवली की दुसऱ्याला बिघडते. शर्यतीच्या गाडीला हे चालते, कारण ती सदा वरच्या फेऱ्यांत धावते. मामाची गाडी बाजारातून आणि घाटातून जाते, आणि तिचे बरेचसे आयुष्य २००० ते ३००० फेऱ्यांत सरते.

नुसता सायलेन्सरच मोकळा केला तर आवाज निश्चित वाढतो. शक्ती वाढली असे वाटते ते बहुधा कानांमुळे. शेजाऱ्यांना होणारा त्रास आणि पोलिसांचा दंड हे हिशेबात धरावेत.

हेड घासण्याचा सल्ला तत्त्वतः बरोबर आहे. त्याने ज्वलनाची जागा लहान होते व संपीडन गुणोत्तर वाढते. आदर्श इंजिनाच्या सूत्राप्रमाणे गुणोत्तर ९ असता कार्यक्षमता ५८.५ टक्के येते, आणि १० असता ६०.२. ही वाढ मूळच्या सुमारे ३ टक्के झाली. (हे आकडे कागदावरच्या आदर्श इंजिनाचे, खरे इंजिन त्याच्या निम्म्याच्या आसपास राहते, हे आपण वर पाहिलेच.) पण अधिक दाबलेले मिश्रण अधिक तापते आणि ठिणगीच्या ज्योतीची वाट न पाहता स्वतःच पेट घेऊ लागते. यालाच नॉकिंग म्हणतात. चढावर इंजिनातून खट्‌खट् आवाज येतो तो याचा, आणि तो बराच काळ चालू राहिला तर दट्ट्याला भोक पडू शकते. ३ टक्क्यांसाठी हा धोका मला तरी महाग वाटतो.

फेरे वाढवून शक्ती मिळवायची म्हटले तर दट्ट्याकडे पाहा. त्याची धाव ७२ मिलिमीटर, म्हणून क्रँकची त्रिज्या ३६. ५००० फेऱ्यांना दट्ट्याचे कमाल त्वरण गुरुत्वत्वरणाच्या हजारपटीहून अधिक असते! त्वरण फेऱ्यांच्या वर्गाबरोबर वाढत असल्यामुळे ६२०० फेऱ्यांना ते आणखी दीडपट होते. ज्या कनेक्टिंग रॉडची रचना ५००० फेऱ्यांसाठी झाली, त्याच्यावर हा भार टाकण्यापूर्वी दहादा विचार करावा.

आल्टोचेच इंजिन आणून बसवावे, असे कोणी म्हणेल. भौतिकशास्त्राची त्याला हरकत नाही, कायद्याची आहे. उत्पादकाने नोंदवलेल्या तपशिलांत फरक पडेल असे फेरफार वाहनात करण्यास मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ची मनाई आहे, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती उचलून धरली. इंजिन बदलायचे तर परिवहन कार्यालयाची परवानगी आधी घ्यावी लागते.

मग मामाने करावे तरी काय? प्रथम त्याने हे पाहावे की, गाडीला मिळालेल्या ३७ अश्वशक्तींपैकी आज किती शिल्लक आहेत. जुन्या गाडीत त्यांना गळती लागलेली असते. दाबमापक लावून तिन्ही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. एकाचे फार कमी निघाले तर झडप नीट बसत नाही किंवा दट्ट्यावरच्या रिंगा झिजल्या आहेत. झडपांच्या टॅपेटमधील फट, स्पार्क प्लग, जुन्या गाडीत कार्ब्युरेटरची सफाई आणि ठिणगीची वेळ ही कामे त्यानंतर येतात. चाक हाताने मोकळे फिरते की ब्रेक घासत आहे, हे जॅक लावून कळते. क्लच निसटत असेल तर इंजिनाची शक्ती चाकापर्यंत पोचतच नाही. टायरातली हवा तर जवळजवळ फुकटच.

वजनाकडे दुर्लक्ष होते, म्हणून तेही सांगतो. गाडी सुमारे ६५० किलोग्रॅमची, त्यात दोन माणसे व इतर सामान मिळून ८०० झाले. डिकीत आणि टपावर पडून असलेले ६४ किलोग्रॅम उतरवले, की त्वरण सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. फिल्टर, सायलेन्सर आणि हेड यांपैकी एकाचाही फायदा खात्रीने एवढा नाही. घाटात थोडा वेळ एअर कंडिशनर बंद ठेवला तर आणखी दोनएक किलोवॅट सुटतात. महाबळेश्वरच्या उंचीवर हवाच सुमारे आठव्या हिश्शाने विरळ असते. तेथे गाडी दमली तर दोष तिचा नव्हे.

कमाल वेगाची हाव मात्र सोडून द्यावी. हवेच्या विरोधावर मात करण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. शक्ती १० टक्क्यांनी वाढली तरी वेग ताशी १०० किलोमीटरवरून १०३ वरच जातो. उलट ८० ऐवजी १०० च्या वेगाने जाणारी गाडी थांबवताना ब्रेकना दीडपटीहून अधिक ऊर्जा गिळावी लागते. पैसे उरलेच तर ते ब्रेक आणि टायर यांवर घालावेत, असे माझे मत आहे.

मामाने काहीही केले तरी फरक पडला की नाही, हे तुम्ही मोजू शकता. सपाट, सरळ आणि रिकामा रस्ता निवडा. गाडी परवानाधारक मोठ्या माणसानेच चालवावी. तुम्ही शेजारी बसून स्टॉपवॉच धरा. तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ताशी ३० पासून ६० किलोमीटरपर्यंत पोचण्यास लागणारा वेळ नोंदवा. ८०० किलोग्रॅमच्या गाडीची गतिज ऊर्जा या अवधीत सुमारे ८३ किलोज्यूलने वाढते. समजा ८ सेकंद लागले, तर सरासरी १०.४ किलोवॅट शक्ती गाडीला वेग देण्यात खर्ची पडली. वारा आणि न दिसणारा उतार यांचा परिणाम जावा म्हणून दोन्ही दिशांनी तीन-तीन वेळा मोजून सरासरी घ्या. तेवढीच माणसे, तेवढेच पेट्रोल आणि दिवसाची तीच वेळ ठेवून दुरुस्तीपूर्वी एकदा व नंतर एकदा हा प्रयोग करा. तुमच्या सहा वाचनांत आपापसांतच ०.३ सेकंदाचा फरक दिसला, तर तो ८ सेकंदांच्या सुमारे ४ टक्के झाला. नव्या फिल्टरने गाडी पळू लागली असे कोणी म्हणाले, तर तो एक टक्का तुमच्या घड्याळात दिसणे शक्य नाही. पण दुरुस्त झालेली झडप आणि उतरवलेले ६४ किलोग्रॅम नक्की दिसतील.