संगणक चाचणीला जाण्यापूर्वी

पालममधून परभणी किंवा नांदेडला मुलाखतीला जाणाऱ्या उमेदवारांसाठी :

■ प्रमाणपत्र : शासकीय नोकरीसाठी एमएस-सीआयटी ग्राह्य धरले जाते. खासगी कार्यालयात मात्र बहुधा संगणकासमोर बसवून काम करून घेतात.

■ टंकलेखन : लिपिक-टंकलेखक पदासाठी मिनिटाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचा वेग लागतो. मराठीचा सराव युनिकोडमध्येच करा. आधी अचूकता साधा, वेग मागोमाग येतो.

■ वर्ड : अर्ज लिहिणे, तक्ता घालणे, समास ठरवणे आणि मेल मर्ज. एकच पत्र शंभर नावांनी काढायचे काम यातच येते.

■ एक्सेल : बेरीज, सरासरी, सॉर्ट, फिल्टर, इफ, व्हीलूकअप आणि पिव्हट टेबल. चाटोरी, बनवस अशा गावांची नावे, पिके आणि क्षेत्र घालून यादी बनवा. गावनिहाय बेरीज पिव्हटने काढा. व्हीलूकअपच्या शेवटी 'फॉल्स' लिहायला विसरू नका. यादी क्रमाने लावलेली नसेल तर त्याशिवाय चुकीचे उत्तर येऊ शकते आणि ते चुकले आहे हे लक्षातही येत नाही.

■ सराव : विकतचे सॉफ्टवेअर नसेल तर लिबरऑफिस मोफत मिळते. सूत्रे बहुतांशी तीच आहेत, मेनूची मांडणी तेवढी वेगळी.

■ चाचणीच्या वेळी : प्रश्न पूर्ण वाचा, फाइल सांगितलेल्या नावानेच आणि सांगितलेल्या ठिकाणीच साठवा, दर थोड्या वेळाने कंट्रोल-एस दाबा.

नुसती पुस्तके वाचून हात बसत नाही. रोज तासभर तरी प्रत्यक्ष संगणकावर काम करा.